फुप्फुस ग्रंथिकांचे प्रतिमा-विश्लेषण

फुप्फुसाच्या ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) दिसणाऱ्या, ३ सेंमी. किंवा त्याहून कमी व्यासाच्या, साधारणपणे वाटोळ्या व घन छायेस फुप्फुस ग्रंथिका म्हणतात. याहून मोठी छाया मारक (कर्करोगाची) असण्याचा संभव बराच जास्त असतो व तिचा विचार निराळा करतात. क्ष-किरण चित्रावरून आणि विशेषतः सीटी स्कॅन या नावाने परिचित असलेल्या संगणकीय छेदचित्रणावरून ग्रंथिकेचे आकारमान, घनता, कडा व वाढीचा वेग ठरवून ती कर्करोगाची असण्याची संभाव्यता काढणे हा या विश्लेषणाचा उद्देश होय.

ग्रंथिका बहुधा अन्य कारणासाठी काढलेल्या चित्रात अवचित आढळते. तिच्यामुळे रुग्णाला सहसा कोणताही त्रास होत नसतो. बहुसंख्य ग्रंथिका निरुपद्रवी असतात. बऱ्या झालेल्या क्षयाचे वण, कवकांच्या संसर्गाने झालेली कणार्बुदे, फुप्फुसातील लहान लसीका ग्रंथी व हॅमार्टोमासारखी सौम्य अर्बुदे (गाठी) ही त्यांची नेहमीची कारणे आहेत. थोड्या ग्रंथिकांत मात्र प्रारंभीच्या अवस्थेतील कर्करोग असतो आणि शस्त्रक्रियेने तो बरा होण्याची सर्वाधिक आशा याच अवस्थेत असते. दिसेल ती ग्रंथिका कापून काढावी, तर अनेक निरोगी माणसांची छाती विनाकारण उघडावी लागेल. सर्वच सोडून द्याव्यात, तर बरा होऊ शकणारा रोग हातचा जाईल. सुईने नमुना घेऊन केलेल्या जीवोतक परीक्षेने निदान पक्के होऊ शकते. परंतु तीत फुप्फुसास छिद्र पडून छातीत हवा साठण्याचा धोका असतो व फार लहान ग्रंथिकेपर्यंत सुई नेणेही अवघड असते.

या पेचाचे स्वरूप अमेरिकेतील राष्ट्रीय फुप्फुस तपासणी चाचणीत स्पष्ट झाले. पुष्कळ धूम्रपान केलेल्या, ५५ ते ७४ वर्षे वयाच्या ५३,४५४ व्यक्ती तीत होत्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अल्पमात्रा छेदचित्रण केलेल्या गटात फुप्फुस कर्करोगाचे मृत्यू साध्या क्ष-किरण तपासणीच्या गटापेक्षा २० टक्के कमी झाले. मात्र संशयास्पद ठरलेल्या छेदचित्रणांपैकी ९६.४ टक्क्यांत कर्करोग नव्हता.

छायेची लक्षणे : छेदचित्रातील घनता हौन्सफील्ड एककांत मोजतात. पाण्याची घनता ० व हवेची −१,००० मानतात. ग्रंथिकेत मेद आढळल्यास ती बहुधा हॅमार्टोमा असते. मध्यभागी, सर्वत्र, थराथरांनी किंवा मक्याच्या लाह्यांसारखे कॅल्सीभवन झालेले असल्यास ती सौम्य समजतात. याउलट कडेपासून किरणांसारखे धागे निघालेले असणे, फुप्फुसाच्या वरच्या खंडातील स्थान आणि मोठा व्यास ही संशय वाढविणारी लक्षणे होत. काही छाया दुधी काचेसारख्या धूसर असतात व त्यांतून रक्तवाहिन्या दिसू शकतात. अशा छायेत घन भाग निर्माण झाल्यास कर्करोगाची शंका विशेष बळावते.

वाढीचा वेग : एका चित्रापेक्षा दोन चित्रांतील फरक अधिक बोलका असतो. म्हणूनच रुग्णाने जपून ठेवलेले जुने क्ष-किरण चित्र कित्येकदा नव्या तपासण्यांहून उपयोगी पडते. घन कर्करोगी ग्रंथिकेचे घनफळ बहुधा १०० ते ४०० दिवसांत दुप्पट होते. त्याहून पुष्कळच जलद वाढ संसर्ग सुचविते, तर घन ग्रंथिका दोन वर्षे स्थिर राहिल्यास ती सौम्य मानतात. धूसर छाया फार सावकाश वाढतात. त्यांच्यावर पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे लागते. येथे मोजमापाची एक अडचण आहे. घनफळ दुप्पट झाले, तरी व्यास केवळ सु. २६ टक्क्यांनीच वाढतो. म्हणजे ५ मिमी.ची ग्रंथिका ६.३ मिमी.ची होते. हाताने मोजताना एवढा फरक चुकीनेही पडू शकतो. नेदर्लंड्स व बेल्जियममधील नेल्सन चाचणीत म्हणून संगणकाने घनफळच मोजण्यात आले. ५० घ. मिमी. पेक्षा लहान ग्रंथिका दुर्लक्षणीय, ५०० पेक्षा मोठी संशयास्पद, तर मधल्या ग्रंथिकांचे तीन महिन्यांनी पुन्हा चित्रण, असा तेथे नियम होता. त्यामुळे केवळ २.१ टक्के तपासण्या संशयास्पद ठरल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १० वर्षांत पुरुषांमधील फुप्फुस कर्करोगाचे मृत्यू २४ टक्क्यांनी घटले.

संभाव्यतेची गणिते : वय, धूम्रपान, पूर्वीचा कर्करोग, व्यास, कडा व स्थान यांवरून संभाव्यता काढण्याचे सूत्र मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी १९९७ मध्ये मांडले. कॅनडात तयार झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूत्रात कौटुंबिक इतिहास व वातस्फीती (फुप्फुसातील वायुकोश कायमचे फुगणे) यांचाही समावेश आहे.

पुढे चित्रातील पोत, आकार व घनतेचे वितरण यांची शेकडो मापे संगणकाने काढून त्यांचा रोगाशी संबंध जोडण्याची रेडिओमिक्स ही शाखा उदयास आली. तज्ञांच्या नजरेतही एकवाक्यता नसते, हे या प्रयत्नामागील एक कारण आहे. चार तज्ञांनी तपासलेल्या १,०१८ छेदचित्रणांच्या एका अमेरिकी संग्रहात, किमान एकाने ३ मिमी. वा अधिक व्यासाची ग्रंथिका म्हणून नोंदविलेल्या २,६६९ छायांपैकी केवळ ९२८ छायांवर चौघांचे एकमत झाले. संगणकाची मापेही यंत्र, छेदाची जाडी व चित्र रचण्याची पद्धत यांनुसार बदलतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वीचे चित्र उपलब्ध नसताना कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली सहा तज्ञांहून सरस ठरली. पूर्वीचे चित्र हाती असताना मात्र दोहोंची कामगिरी सारखीच होती.

ही सूत्रे ज्या लोकसमूहावरून बांधली, त्याच्या रोगांचा ठसा त्यांवर असतो. महाराष्ट्रासह भारतात क्षयरोग अजूनही व्यापक आहे. क्षयाची गाठ बहुधा वरच्या खंडातच होते, तिच्या कडाही धागेदार असू शकतात आणि किरणोत्सर्गी फ्ल्युओरिनयुक्त ग्लुकोज ती कर्करोगाप्रमाणेच शोषून घेते. या शोषणावर आधारलेल्या पेट तपासणीची, सौम्य ग्रंथिका सौम्य म्हणून ओळखण्याची क्षमता अशा संसर्गजन्य फुप्फुसरोगांचा प्रादुर्भाव नसलेल्या प्रदेशांत ७७ टक्के, तर तो असलेल्या प्रदेशांत ६१ टक्के असल्याचे २०१४ मधील एका एकत्रित विश्लेषणात दिसून आले. सु. ८ मिमी. पेक्षा लहान ग्रंथिकांत ही तपासणी मुळातच भरवशाची नाही. त्यामुळे अशा प्रदेशांत संशयास्पद ग्रंथिकेवर शस्त्रक्रिया ठरविण्यापूर्वी थुंकीची तपासणी, जुन्या चित्रांशी तुलना आणि शक्य तेथे जीवोतक परीक्षा यांना विशेष महत्त्व येते. मात्र केवळ छायेवरून क्षयाचे औषध सुरू करून कित्येक महिने वाट पाहिल्यास कर्करोगाला वाढण्यास तितकाच अवधी मिळतो.