वाळूतल्या खड्ड्यापासून केडगावपर्यंत

झेलम नदीच्या काठी, पंजाबातल्या कडाक्याच्या थंडीत, एक भाऊ आणि बहीण उघड्यावर रात्र काढत होते. अंगावर पुरेसं पांघरूण नव्हतं. दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत उतरले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. खड्डे थडग्यासारखे होते, असं त्या बहिणीनेच पुढे आपल्या ‘साक्षी’त नोंदवलं आहे. बहीण म्हणजे पंडिता रमाबाई, भाऊ श्रीनिवास.

त्याआधी दक्षिणेतल्या दुष्काळाने आई-वडील आणि थोरली बहीण नेली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक; गाठीचे पैसे तीर्थयात्रांत आणि दानधर्मात संपलेले. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन माणसं आली. रमाबाई ठेंगण्या, त्यामुळे तिरडीची त्यांच्या बाजूची दांडी त्यांना डोक्यावर घ्यावी लागली. पुढे 1880 साली भाऊ गेला, आणि 1882 साली लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. पदरी मनोरमा नावाची लहानगी मुलगी.

श्रद्धेने धीर येतो, असं वाक्य कुणी सहज टाकलं की मला ही तिरडी आठवते. रमाबाईंकडे तेव्हा श्रद्धेची कमतरता नव्हती. उपासतापास, जप, तीर्थस्नानं, सगळं यथासांग झालं होतं. त्यातून हाती काही लागलं नाही, म्हणूनच तर त्यांचं मन उठलं. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळायला आणखी आठेक वर्षं लागली, असं त्या स्वतःच सांगतात. इतकी प्रामाणिक कबुली धार्मिक आत्मकथनांत क्वचित सापडते.

भीतीबद्दल ख्रिस्ती धर्मग्रंथ काय सांगतो, हे इथे पाहायला हवं. मार्कच्या शुभवर्तमानात वादळाची गोष्ट आहे. मचव्यात पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून गाढ झोपलेला. शिष्य त्याला हलवून उठवतात. आम्ही मरतोय आणि तुला काहीच कसं वाटत नाही, असा त्यांचा सूर असतो. म्हणजे भ्यालेला भक्त देवावर चिडूसुद्धा शकतो. गेथशेमाने बागेत तर खुद्द येशूच व्याकूळ होतो, आपल्यावरचं संकट टळावं म्हणून प्रार्थना करतो, आणि ज्यांना जागं राहायला सांगितलं ते जिवलग झोपी जातात. संकट काही टळत नाही. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी हा प्रसंग आहे, तिथे घाबरणाऱ्याला लाज वाटायचं कारण उरत नाही.

आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत हे अगदी साधेपणाने चालतं. संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजी, पेटी आणि ढोलकी. ‘उपासना संगीत’मधलं एखादं गीत होतं, बहुतेक वेळा रेव्हरंड टिळकांचं, अभंगाच्या चालीत ख्रिस्त गाण्याची सवय रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. मग ‘प्रार्थनेचे विषय’ विचारले जातात. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या घरातलं व्यसन. एरवी शेजाऱ्यालाही कळू न दिलेली काळजी पंधरा माणसांसमोर मोठ्याने सांगितली जाते आणि त्यातलं कुणीतरी ती नाव घेऊन देवासमोर मांडतं. मग चहा. उत्तर मिळेल तेव्हा मिळेल, ओझं त्याच संध्याकाळी वाटून घेतलेलं असतं. वांद्र्याच्या मोत माउलीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं घर वाहतात, तेही याच जातीचं: काळजीला आकार देऊन ती कुणाच्या तरी हवाली करायची. तिथल्या रांगेत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात.

रमाबाईंनी मात्र काळजी हवाली केली आणि लगेच पदर खोचला. 1889 साली मुंबईत विधवा आणि मुलींसाठीची त्यांची शाळा, शारदा सदन, निघाली आणि पुढच्याच वर्षी पुण्याला आली. धर्मांतराच्या संशयावरून 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना आपापली कारणं होती. शंभर वर्षांनंतर एकालाच खलनायक ठरवणं सोपं आहे, खरं नाही. 1896–97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुली पाहताना आपलेच जुने दिवस समोर उभे राहिले असणार. सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, तिथे इतक्या जणींना ठेवायची सोय नाही, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर मुक्काम हलवला. तेच मुक्ती सदन.

शारदा सदनाला पैसे पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं, ती मुदत 1898 मध्ये संपली. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने कुणापुढे हात न पसरता, नुसत्या प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालयं चालवली, हे रमाबाईंनी वाचलेलं होतं. त्याच वाटेने जायचं त्यांनी ठरवलं. पण केडगावात नुसती प्रार्थना चालत नव्हती. शेती होती, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. आंधळ्या मुलींसाठी ब्रेलचे वर्ग मनोरमाने सुरू केले. टाकलेल्या, फसवलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. ज्या बाईने वाळूत स्वतःला पुरून थंडीशी झुंज दिली, तिने इतरांसाठी आधी छप्पर बांधलं, यात मला तिच्या श्रद्धेचा खरा पुरावा दिसतो.

शेवटचं मोठं काम बायबलच्या भाषांतराचं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषा मुद्दाम सोपी ठेवली, कमी शिकलेल्या बाईला कळेल अशी. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मुक्तीतल्या बायकांनी केली. 24 जुलै 1921 रोजी मनोरमा वारली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच गेली. त्यानंतरही भाषांतराचं काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल 1924 मध्ये छापून निघालं.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव स्टेशन आहे. मुक्ती मिशन तिथे आजही चालू आहे.