वेशीवर अडलेला तीळ

परदेशातील भारतीय दुकानांत चकली, चिवडा, तिळाची चिक्की हौसेने घेतली जाते. घरगुती फराळाचा धंदा करणाऱ्या अनेकांना म्हणूनच परदेशी बाजार खुणावतो. पण तिथला दरवाजा केवळ चवीने उघडत नाही. तो उघडतो पाकिटावरच्या बारीक अक्षरांनी.

झाशीचा लक्ष्मी गेट म्हणजे जुन्या तटबंदीची एक वेस. लक्ष्मी तलावाकडे आणि महालक्ष्मीच्या देवळाकडे जाणारी वाट इथलीच. नेवाळकरांच्या काळात मराठी कुटुंबे या गावात येऊन स्थिरावली. त्यांच्याबरोबर संक्रांतीचा तिळगूळही आला. तीळ मात्र बाहेरून आणावा लागला नाही. बुंदेलखंडाच्या या कोरड्या पट्ट्यात तीळ आणि भुईमूग दोन्ही पिकतात.

तटबंदीच्या गावात माल आणायचा तर वेशीवरच्या पहारेकऱ्याची नजर चुकवता येत नसे. आज भारतातील तीळ जगभर जातो आणि प्रत्येक देशाच्या वेशीवर त्याची झडती होते. ही झडती किती कडक असते, ते 2020 साली दिसून आले.

एक वायू, दोन कायदे

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये बेल्जियमने भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याची सूचना युरोपातील इतर देशांना दिली. साल्मोनेला नावाचे जंतू मारण्यासाठी हा वायू वापरला जातो. मात्र तो माणसात कर्करोग निर्माण करणारा मानला गेला आहे. युरोपीय संघात तिळातील त्याची मर्यादा एका किलोला 0.05 मिलिग्रॅम इतकी कमी आहे.

मग एकामागून एक देशांत तीळ लावलेले पाव, बिस्किटे आणि इतर पदार्थ दुकानांतून परत मागवले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून युरोपात जाणाऱ्या भारतीय तिळाबरोबर तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. शिवाय तिथे पोहोचल्यावर निम्म्या मालाची पुन्हा तपासणी होऊ लागली.

गंमत अशी की, त्या वेळी अमेरिकेत याच वायूची तिळातील मर्यादा एका किलोला 7 मिलिग्रॅम होती, म्हणजे युरोपच्या 140 पट! एका वेशीवर चालणारा माल दुसऱ्या वेशीवर अडतो, तो असा. म्हणून ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ या शब्दांना एकट्याने काही अर्थ नसतो. कोणत्या देशासाठी, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. वायूऐवजी वाफेने जंतू मारण्याची सोय आहे. ती करणाऱ्याकडूनच तीळ घेणे हा त्यावरचा एक उपाय.

एवढा कडकपणा कशासाठी?

‘आपण पिढ्यानपिढ्या हेच खातो, आपल्याला काय झाले?’ असे कुणालाही वाटेल. त्याचे उत्तर एका मुलीच्या मृत्यूत आहे. नताशा एडनन-लापरूज ही 15 वर्षांची ब्रिटिश मुलगी. तिला तिळाची ॲलर्जी होती. जुलै 2016 मध्ये वडील आणि मैत्रिणीबरोबर सुटीला जाताना तिने लंडनच्या हीथ्रो विमानतळावर सँडविच घेतले. पाकीट वाचूनच घेतले. त्यावर तिळाचा उल्लेख नव्हता. तीळ पावाच्या पिठातच मिसळलेला होता. विमानात तिची प्रकृती बिघडली आणि त्याच दिवशी ती गेली.

दुकानातच बनवून बांधलेल्या पदार्थावर घटकांची पूर्ण यादी छापण्याची सक्ती तेव्हा नव्हती. तिच्या आईवडिलांनी ती व्हावी म्हणून प्रयत्न केले आणि ऑक्टोबर 2021 पासून ब्रिटनमध्ये नवा नियम लागू झाला. तो ‘नताशाचा कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. अमेरिकेनेही 1 जानेवारी 2023 पासून ॲलर्जीकारक घटकांच्या सक्तीच्या यादीत तीळ नववा म्हणून घातला. ब्रिटन आणि युरोपात ही यादी 14 घटकांची आहे. तिच्यात तिळाबरोबर शेंगदाणा, दूध, गहू आणि मोहरीही आहे.

आजीचा ‘अंदाज’ चालत नाही

आता आपल्या फराळाच्या डब्याकडे पाहू. चकलीत तीळ. चिवड्यात शेंगदाणे आणि फोडणीला मोहरी. शेव बेसनाची, म्हणून ती गव्हापासून मुक्त, असे वाटते. पण तिच्यात हिंग पडतो आणि बाजारातील पुष्कळशा हिंगपुडीत गव्हाचे पीठ असते! हिंगाच्या डबीवरचे घटक न वाचता शेवेच्या पाकिटावर ‘गहू नाही’ असे छापले, तर ते खोटे ठरते.

अनारशाला लावलेली खसखस आणखी नाजूक. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. पेढ्यांचेही तसेच. युरोपात बाहेरच्या बहुतेक देशांतून प्रवाशाने सामानात दुधाचे पदार्थ आणलेले चालत नाहीत.

घरी केलेला फराळ मुलीला अमेरिकेत भेट म्हणून पाठवणे वेगळे आणि विकणे वेगळे. घरच्या भेटीला तिथे पूर्वसूचनेतून सूट आहे, विक्रीच्या मालाला नाही. विक्रीसाठी कारखान्याची नोंदणी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे करावी लागते आणि दर दोन वर्षांनी ती नव्याने करावी लागते. तिथे आपला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. प्रत्येक खेप पोहोचण्यापूर्वी कळवावी लागते. माल नाकारला गेला, तर 90 दिवसांत परत न्यायचा किंवा नष्ट करायचा. खर्च अर्थातच मालवाल्याच्या माथी.

सुरुवात कशी करावी?

आधी घरची कागदपत्रे पुरी करावीत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना आणि परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक घ्यावा. मग एकच देश आणि एक-दोनच पदार्थ निवडावेत. तिथला आयातदार अनुभवी असावा, कारण तिथल्या कायद्याची बरीच जबाबदारी त्याच्यावर असते. पाकिटावरचा मजकूर छापण्याआधी त्याला दाखवावा. कॅनडासाठी इंग्रजीबरोबर फ्रेंच लागते, हे छापून झाल्यावर कळले तर पाकिटे वाया जातात.

सर्वांत महत्त्वाची सवय स्वयंपाकघरातली. प्रत्येक घाण्याची तारीख, तीळ कुणाकडून घेतला, हिंग कोणता, तेल कोणते, हे सारे वहीत लिहावे. तिळाची चकली केल्यावर त्याच भांड्यात बिनतिळाची शेव करायची, तर भांडी धुतली की नाही, तेही लिहावे. उद्या तक्रार आली, तर सगळा माल परत बोलवायचा की एकच घाणा, हे त्या वहीवरून ठरते.

हा व्याप वाटतो खरा. पण पाकीट उलटून वाचणारी ती मुलगी डोळ्यांपुढे आणली, की प्रत्येक अक्षराचे मोल कळते. तिळगूळ वाटताना आपण ‘गोड बोला’ म्हणतो. तो विकताना आधी खरे बोलावे लागते.