जवाच्या दाण्याची परीक्षा

जवाच्या दोन जातींचे दाणे तळहातावर शेजारी ठेवले, तर कोणता माल्टसाठी उत्तम आणि कोणता जनावरांच्या खाद्यापुरता, हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यासाठी दाण्याला जागं करावं लागतं!

नाचणी सत्त्वासाठी आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो. जवाचा माल्टही असाच होतो. पण त्या चार-पाच दिवसांत दाण्यात जे घडतं ते थक्क करणारं आहे. पाणी मिळताच अंकुर जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. सालीखालच्या पेशींच्या पातळ थराला ते पोचलं की तिथे विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार होऊ लागतात. काही विकरं पेशींच्या भिंती विरघळवतात, काही प्रथिनं तोडतात आणि अल्फा-अमायलेज स्टार्चचे तुकडे पाडू लागतं. नेमक्या वेळी गरम हवेने वाळवून ही उगवण थांबवायची: विकरं शाबूत राहिली पाहिजेत आणि बराचसा स्टार्चही.

नवी जात घडवणाऱ्याची खरी अडचण पुढे आहे. प्रथिनं वाढली की स्टार्च कमी पडतो. फार घटली तर विकरं अपुरी. भिंतींमधलं बीटा-ग्लुकन नीट तुटलं नाही तर माल्टपासून काढलेला रस चिकट होतो, गाळणी अडते. दाण्यांना माल्टघरात एकदम मोड यावेत, पण कापणीआधीच्या पावसात कणसातच मोड येता कामा नयेत. एकाच दाण्याकडून केवढ्या या अपेक्षा! आणि सुरुवातीला हाताशी बियाणं असतं थोडंसंच. म्हणून छोट्या यंत्रांत जेमतेम मूठ-दोन मुठी दाण्यांचा माल्ट करून बघतात.

इतक्या थोड्या नमुन्यावरून निकाल द्यायचा, तर दिसणारा फरक जातीचा की योगायोगाचा? डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत १८९९ साली रुजू झालेल्या विल्यम सीली गॉसेट यांना जव आणि बिअर यांच्या मोजमापांत हाच प्रश्न छळत होता. त्यांनी उत्तर गणितात शोधलं आणि १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. औषधांच्या चाचण्यांपासून मानसशास्त्रापर्यंत आज सर्रास वापरली जाणारी टी-चाचणी त्यातूनच आली.