खासदारांचे काम कसे मोजावे?

निवडणूक जवळ आली की घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो, "आपल्या खासदारांनी पाच वर्षांत केले तरी काय?" गल्लीतले ड्रेनेज तुंबले तरी आपण खासदारांनाच बोल लावतो. खरे तर ते काम नगर निगमचे. म्हणून खासदारांचे नेमके काम काय आणि ते कसे तपासायचे, हे विद्यार्थ्यांबरोबर पालकांनीही समजून घ्यायला हवे.

पहिले काम संसदेतले. लोकसभेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. 'हो' आणि 'नाही' असे आवाज ऐकून अध्यक्ष निकाल सांगतात. अशा वेळी कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नावानिशी नोंद होत नाही. सदस्यांनी मागणी केल्यास मतविभाजन होते. बाजूने असेल तर हिरवे, विरोधात असेल तर लाल आणि तटस्थ असेल तर पिवळे बटण दाबतात. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. एका खासदाराच्या मताची किंमत त्या दिवशी साऱ्या देशाला कळली. मात्र १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडून मत दिल्यास सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे मतापेक्षा खासदारांनी विचारलेले प्रश्न आणि केलेली भाषणे त्यांच्याविषयी अधिक सांगतात.

पण नुसते आकडेही फसवतात. आपल्या इंदूरच्या सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा निवडून आल्या. २०१४ ते २०१९ या काळात त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत आणि दोन्ही बाजूंची मते समान झाली तरच मत देतात. त्या पाच वर्षांत त्यांच्या नावापुढे प्रश्न दिसत नाहीत, म्हणून त्यांनी काम केले नाही असे कोण म्हणेल?

दुसरे काम मतदारसंघातले. खासदार स्थानिक विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. २०११-१२ पासून तिची रक्कम खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहे. हा पैसा खासदारांच्या हाती येत नाही. ते कामाची फक्त शिफारस करतात. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. म्हणून एखादे काम अडले तर 'शिफारस झाली का?' आणि 'मंजुरी मिळाली का?' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. संस्थांच्या विश्वस्तांनी तर हे आवर्जून लक्षात ठेवावे.

विद्यार्थी मित्रांनो, लोकसभेच्या संकेतस्थळावर आपल्या खासदारांचे प्रश्न वाचता येतात. घरातील मोठ्यांसोबत बसून त्यांतले पाच प्रश्न वाचा आणि आपल्या शहराविषयीचे किती आहेत ते वहीत लिहा. अजून तुम्हाला मत देता येत नाही, पण हिशेब विचारायची सवय आतापासून लावता येते.