सह्या झाल्या म्हणजे तपासणी झाली?

‘चेकलिस्ट? हो, फाइलला लावलीय.’ ऑपरेशन थिएटरमधल्या सुरक्षा-तपासणीबद्दल विचारलं की हेच उत्तर येतं. चौकटींत टिक आणि खाली सह्या असल्या की काम झालं, हा समज रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी 2008 साली आली. मुद्दे 19, थांबे तीन: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी. प्रत्येक थांब्यावर मुद्दे मोठ्यानं वाचायचे आणि हातातलं काम सोडून सगळ्यांनी उत्तर द्यायचं. रुग्ण कोण, बाजू कुठली, ॲलर्जी आहे का, अँटिबायोटिक तासाभरात दिलंय का, शेवटी मॉप आणि सुयांची मोजणी जुळली का. केस संपल्यावर सिस्टरनं एकटीनं भरलेल्या कागदाचा काय उपयोग? छेद तर केव्हाच घेऊन झालेला असतो!

अमेरिकी सर्जन डॉ. अतुल गावंडे यांच्या गटानं दिल्ली, मनिला, लंडनसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. 2009 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेले आकडे असे: मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर, गुंतागुंती 11 वरून 7 टक्क्यांवर.

‘मग कॅनडात का नाही जमलं?’ हा प्रश्न रास्त आहे. ओंटारिओतल्या 101 रुग्णालयांत यादी सक्तीची झाली, पण 2014 च्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. मात्र यादी वापरल्याचं रुग्णालयांनी स्वतःच कळवलं होतं. थिएटरमध्ये ती कशी वाचली जाते, हे कुणी पाहिलं नव्हतं. याउलट साउथ कॅरोलिनात 14 रुग्णालयांनी प्रशिक्षणासह पूर्ण कार्यक्रम राबवला आणि तिथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू 22 टक्क्यांनी घटले. ही रुग्णालयं स्वेच्छेनं आली होती, हेही ध्यानात ठेवावं.

बाकीचे समज किरकोळ. वेळ जातो? तिन्ही थांबे मिळून काही मिनिटं. यादी बदलता येत नाही? आपल्या रुग्णालयाप्रमाणे बदला, असं संघटनाच सांगते. अनुभवी सर्जनला गरज नाही? त्या आठ रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना विचारलं, ‘तुमचंच ऑपरेशन असेल तर?’ 93 टक्के म्हणाले, यादी वापरलेली हवी.

सर्जन मंडळींना एकच विनंती: उद्याच्या पहिल्या केसला सुरी हातात घेण्याआधी तुम्ही थांबा, आणि ‘सर, बाजू तपासायची राहिलीय’ असं सिस्टर म्हणाली तर तिच्यावर डाफरू नका.