मिशिगनचे गणित वेगळे का?

'फर्स्ट रोबोटिक्स'च्या शालेय स्पर्धेत तीन-तीन संघांच्या युती एकमेकींशी भिडतात. जुन्या रीजनल पद्धतीत एकाच प्रादेशिक स्पर्धेच्या निकालावर विजेत्या युतीतला जेमतेम कुवतीचा तिसरा रोबोही जागतिक स्पर्धेला जाई. म्हणून लहान संघाने एकच काम, बहुधा बचाव, चोख करणे शहाणपणाचे होते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने २००९मध्ये जिल्हा पद्धत आणली: एकाच शुल्कात दोन स्पर्धा आणि दोन्हींच्या एकत्रित गुणांवर पुढचा प्रवेश. तिथे एका शनिवारच्या नशिबावर भागत नाही. रोबो टिकाऊ हवा, पहिल्या स्पर्धेनंतर सुधारताही यायला हवा. मिशिगनच्या यशामागे मोटार कारखान्यांचा पैसा आहे, हा आक्षेप खोटा नाही. पण तुटपुंज्या पैशांच्या संघालाही दुसरी स्पर्धा मिळते, ती या नियमामुळेच.