मामंजींची खोली : परसात की गॅरेजात?

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. बांधलेल्या घराला आणखी एक खोली जोडून पाहावी, असे मात्र कुणीच सांगून ठेवलेले नाही. ठेवले असते, तर २०१७ सालच्या संक्रांतीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आमच्या घरात जी वादावादी झाली, तिच्यासाठी मनाची थोडी तयारी तरी झाली असती!

आमचे घर नगरच्या सावेडी उपनगरात. (२०२४ साली शहराचे नाव सरकारदरबारी अहिल्यानगर झाले, पण जुन्या माणसांच्या जिभेला ‘नगर’चीच सवय, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.) १९८६ साली बांधलेले. दिवाणखाना, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे चार झाडांचे परसू आणि पुढे रस्त्याच्या अंगाला गॅरेज. त्या वेळी ह्यांनी जुनी फियाट घेतलेली होती, आणि गाडी उन्हात उभी करणे ह्यांना घोडा उपाशी ठेवण्याइतकेच पाप वाटे. २००४ साली फियाट विकली. गॅरेज राहिले. म्हणजे मोडका पाळणा, पाण्याची पिंपे, जुने आकाशकंदील आणि ‘लागेल कधी तरी’ ह्या सदरातले सारे सामान तिथे सुखाने राहू लागले. पुढे मुलाने मोटार घेतली, ती इतकी रुंद की गॅरेजात शिरली तर तिचे दार उघडेना. ती रस्त्यावरच उभी राहू लागली. ज्या गावात १९९४ पासून रणगाड्यांचे सुद्धा संग्रहालय आहे, त्या गावात आमच्या एका मोटारीला छप्पर मिळेना!

२०१६ च्या दिवाळीनंतर सासूबाई गेल्या. मामंजी अकोले तालुक्यातल्या आमच्या गावी एकटे पडले. वय चौऱ्याऐंशी. आढेवेढे घेत ते आमच्याकडे आले आणि दिवाणखान्यातल्या दिवाणावर त्यांची पथारी पडली. रात्री दोनदा तरी उठावे लागे. दिवा लावला तर कुणाची झोप मोडेल, म्हणून अंधारातच भिंत चाचपत जात. जानेवारीतल्या एका रात्री तिपाईला अडखळून पडले. हाड मोडले नाही, मनगट सुजले. सकाळी विचारले तर म्हणाले, “काही नाही ग सूनबाई, तिपाई जरा पुढे आली होती.”

त्याच दिवशी ठरले, की मामंजींना स्वतःची खोली हवी आणि तिला लागून संडास-न्हाणी हवी. कुठे, एवढाच प्रश्न उरला. त्या ‘एवढ्याच’ प्रश्नाने तीन महिने घेतले.

ह्यांचे म्हणणे, परसात नवी खोली काढावी. रीतसर, पक्की, चांगली बारा बाय बारा. मुलाचे म्हणणे, चार भिंती आणि छप्पर आयतेच उभे आहे; शटर काढून दार-खिडकी बसवा, फरशी घाला, महिन्याभरात मोकळे. आणि वन्सं पुण्याहून फोनवर म्हणाल्या, “वहिनी, अण्णांना गॅरेजमध्ये ठेवणार? लोक काय म्हणतील?” मला स्वतःलाही तो शब्द टोचला होता, हे कबूल करते. गॅरेज म्हणजे अडगळीची जागा; तिथे माणूस ठेवायचा म्हणजे त्यालाही अडगळीत काढल्यासारखे.

अखेर ओळखीच्या एका इंजिनीयर गृहस्थांना चहाला बोलावले. चहा घेण्याआधी त्यांनी परसात एक खड्डा खणवला. वर चार फूट काळी माती आणि मग मुरूम. ते म्हणाले, “ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. नवा पाया मुरुमापर्यंत न्यावा लागेल. आणि नेला तरी तुमचे घर तीस वर्षे बसून-बसून स्थिर झालेले आहे; नवी खोली आता बसायला लागणार. दोन्ही भिंती एकमेकींत गुंफल्या तर सांध्याशी हमखास तडा जाईल. मध्ये फट ठेवायची, तिच्यात लवचीक भर घालायची आणि वरून झाकपट्टी मारायची.” ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. नव्या-जुन्या भिंतींची वीट विटेत गुंतवली की काम भक्कम, असेच आपण समजतो.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली नाही, मला आपणच दिसली. परसातली खोली जिथे यायची तिथेच स्वयंपाकघराची खिडकी होती. खोली काढली की खिडकी बंद. म्हणजे मामंजींना उजेड मिळायचा तो माझ्या ओट्यावरचा काढून! खोली वाढवताना पुष्कळ घरांत हेच होते: एक खोली वाढते आणि जुनी एक अंधारी होते. नकाशावर ते दिसत नाही, कारण नकाशावर दुपारी बारा वाजताही दिवा लावून कुणी भाजी चिरीत नाही. शिवाय लिंबाचे झाड जाणार होते ते निराळेच.

“मग गॅरेजच!” असे मुलगा म्हणेपर्यंत इंजिनीयरसाहेब टेप घेऊन तिकडे निघाले होते.

गॅरेज आणि खोली ह्यांत फरक काय, तर तो जमिनीपासूनच सुरू होतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घराचे जोते भोवतालच्या जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच हवे. गॅरेजला १५ सेंटिमीटर चालते. मोटार चढायची असते ना! म्हणजे गॅरेजची जमीन घरापेक्षा फूटभर खाली. उंचीचेही तसेच: राहत्या खोलीला २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट हवी, गॅरेजला २.४ मीटर, आठ फूट पुरते. आमचे गॅरेज साडेआठ फुटी, वर सिमेंटचे पत्रे. ओल चढू नये म्हणून जमीन फूटभर उचलली, तर डोक्यावर साडेसात फूट उरणार, आणि त्यावर पत्रा. नगरच्या वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. त्या पत्र्याखाली चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस ठेवायचा, तर त्यापेक्षा तिपाई बरी.

आणि संडास? मैल्याचा चेंबर मागच्या बाजूला, गॅरेज पुढे. नळाला दर चाळीस फुटांना फूटभर उतार धरला, तर गॅरेजच्या मूळच्या जमिनीवरून पाणी चेंबरपर्यंत पोचतच नव्हते. जमीन उचलली तरच ते जमत होते. म्हणजे जमीन उचला, म्हणून भिंती चढवा, म्हणून पत्रे काढा, म्हणून स्लॅब घाला! मुलाचा एक महिना आणि त्याची काटकसर दोन्ही आमच्या डोळ्यांदेखत वितळली. गॅरेजच्या बाजूने एकच मोठी गोष्ट उरली: ते घराबरोबरच, त्याच मुरुमावर बांधलेले होते. त्याचा पाया उकरून पाहिला तो चांगला निघाला. जे काही बसायचे ते घराबरोबर कधीच बसून झाले होते. तडा जायची भीती नव्हती.

दोन्हींचे अंदाज काढले. गॅरेजचे काम खोलीच्या दोनतृतीयांश खर्चात पडत होते. मुलाने मनाशी धरला होता एकतृतीयांश.

कायद्याची बाजूही इथेच सांगून टाकते, कारण तिच्यात पुष्कळ जण फसतात. गॅरेजचे क्षेत्रफळ चटई क्षेत्रात धरलेले नसते. तिथे माणूस राहू लागला की ते धरावे लागते. तेवढे क्षेत्र शिल्लक हवे, नकाशा महापालिकेकडून नव्याने मंजूर व्हायला हवा आणि गाडीसाठी दुसरी जागा दाखवावी लागते. पुष्कळ बंगल्यांचे गॅरेज कुंपणाजवळच्या सोडायच्या अंतरात असते. तिथे गाडी चालते, खोली चालत नाही. आमचे घराला लागून, बांधकामाच्या रेषेच्या आत होते, म्हणून निभावले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर खांबांमधली गाडीची जागा बंद करून खोली काढण्याचा विचारच सोडावा. ती जागा म्हणजे स्वतंत्रपणे विकता येणारे गॅरेज नव्हे, ती इमारतीतल्या सर्वांची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद खटल्यात सांगून टाकले आहे.

तर पारडी अशी जवळजवळ सारखी झाली. ह्यांचा कल अजून परसाकडेच होता. “तिथे शांतता आहे. अण्णांना विश्रांती मिळेल,” असे हे म्हणत. आणि एवढे दिवस चालले होते तरी मामंजींना कुणी एका शब्दाने विचारले नव्हते! त्यांच्यासमोर खर्चाचा विषय नको, ह्या संकोचाने आम्ही सारे स्वयंपाकघरात कुजबुजत होतो.

विचारावे लागलेच नाही. एका सकाळी दूध घ्यायला बाहेर गेले, तर मामंजी गॅरेजचे शटर अर्धे वर करून दारात खुर्ची टाकून बसलेले. मांडीवर वर्तमानपत्र, लक्ष रस्त्यावर. दूधवाल्याला त्यांनी नावाने हाक मारली. शाळेत जाणाऱ्या दोन पोरींनी त्यांना “आजोबा, किती वाजले?” विचारले. मग समजले की हे महिनाभर रोज चालले होते. मी त्या वेळी आत डब्यांच्या गडबडीत.

मी म्हटले, “मामंजी, तुमच्यासाठी मागे परसात खोली काढायचे चालले आहे. शांत आहे तिकडे.”

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “परसात कोण येतं ग? तिकडे माणूस जातो तो हात धुवायला.”

मला गावचे घर आठवले. त्या पावसाच्या मुलखातले उतरत्या छपराचे घर, पुढे ओटी, आणि ओटीवर मामंजींची घोंगडी. येणारा-जाणारा आधी त्यांच्याशी बोलून मगच आत यायचा. वाड्यांतून देवडी असे, ढेलज असे. घरातले वडीलधारे माणूस दारापाशी बसे. आणि जागांची अदलाबदल तरी काय आजची आहे? पेशवाईतल्या वाड्यांच्या पागांत घोडे गेल्यावर बिऱ्हाडे आलीच की. आम्ही मोटारीच्या पागेत घरच्या कर्त्या माणसाची ओटी करणार होतो, एवढेच. वन्संना मी फोन करून तसेच सांगितले. त्या म्हणाल्या, “मग तिला गॅरेज म्हणू नका हं कुणी.”

काम अडीच महिने चालले. एका ठेकेदाराने खिडकी लहान केली. ती पाडून पुन्हा करवून घेतली. आमच्यासारख्या कोरड्या, उष्ण हवेत खोलीच्या जमिनीच्या निदान एक दशांश तरी उघडणारी जागा हवी, असे संहिता सांगते. आम्ही त्याहून थोडी जास्तच ठेवली. तो कुरकुरला तेव्हा हे म्हणाले, “अहो, फराहबक्षचा महाल निजामशहाला पसंत पडला नाही म्हणून पाडून पुन्हा बांधला, तो १५८३ साली पुरा झाला. आमची तर एक खिडकी आहे!”

चूक आमचीही झाली, आणि ती कुणावर ढकलता येत नाही. मोटार चढायचा जुना उतार दाराकडे तोंड करून तसाच राहिला. जूनच्या पहिल्या पावसाने त्यावरून वाहत येऊन थेट पायरी गाठली आणि उंबऱ्याखालून आत डोकावला. आमच्याकडे पाऊस वर्षाचा पाचसहाशे मिलिमीटर, पण येतो तेव्हा एकदम येतो. मग दारापुढे आडवा चर काढून वर लोखंडी जाळी टाकली. ज्यांना गॅरेजची खोली करायची असेल त्यांनी जाळी आधी टाकावी, फरशी मागाहून.

मोटार आता कुंपणाच्या आत, बाजूच्या मोकळ्या पट्टीत उभी असते. त्यासाठी फाटक रुंद करावे लागले आणि तो खर्च कुणीच धरलेला नव्हता. परसातला लिंबू शाबूत आहे, खिडकीही.

मामंजी त्या खोलीत चार वर्षे राहिले. रात्री उठले की दिवा लावीत. सकाळी सहाला दार उघडे असे, आणि पुढे पुढे तर पोस्टमन आमची पत्रे त्यांच्याच हातात देई. शेवटच्या आजारात भेटायला येणाऱ्यांना घरात शिरावे लागले नाही. रस्त्यावरूनच चार माणसे येऊन बसत, बोलून जात. २०२१ नंतर काही दिवस ती खोली बंद होती. आता तिथे संध्याकाळी गल्लीतली पाचसहा मुले माझ्याकडे गणित शिकायला येतात. शटर भंगारात गेले, पण त्याच्या रुळाची खोबण गवंड्याने एका बाजूला तशीच ठेवली. मामंजी तिच्यात छत्री अडकवीत. मुले आता फुटपट्ट्या अडकवतात.